तटस्थ

सावळद्याच्या शाळेत एक्केचाळीस प्रती घेऊन गेले.
धुळ्यात दीड रुपयाला पान, पाठपोट,
पिशवीत अजून कोमट.

पाच प्राध्यापकांनी तपासलेली प्रश्नावली.
चौघांनी सही केली,
पाचव्यांनी एक स्वल्पविराम हलवला
आणि लिहिलं : आशयवैधता उत्तम.

विधान सातवं :
‘मला वर्गात मराठी बोलताना भीती वाटते.’
समोर पाच चौकोन,
पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.
बेडसे सर दारात उभे, हाताची घडी घालून.
एक्केचाळीसांपैकी एकालाही
भीती वाटत नव्हती.

विधान पंधरावं, सातव्याचंच उलटं करून
मुद्दाम लांब लपवलेलं :
‘मी वर्गात बिनधास्त बोलतो.’
तिथंही पूर्ण असहमत.
हाताला चौकोनाची जागा पाठ झाली होती,
वाक्य वाचायची गरजच नव्हती.

रात्री आकडे टाकले. गुणांक पडला.
बागूल मॅडम फोनवर हसल्या :
अगं, ताप मोजायच्या आधी थर्मामीटर मोजतात.
मुलांना विचार, तू काय विचारलंस ते.

मग परत सावळदे.
सरांना केंद्रशाळेत बैठक, बरंच झालं.
निंबाखाली आठ जणं, खिचडीची ताटं नुकतीच धुतलेली,
पुलावरून आग्रा रोडचे ट्रक.
म्हटलं, वाचताना डोक्यात जे येईल ते मोठ्यानं बोला,
हवं त्या भाषेत.

भाविका गिरासेनं सातवं विधान दोनदा वाचलं.
‘भेव कसानं? भूतनं?’
मी म्हटलं, नाही गं, बोलायचं.
‘बोलानं भेव नही लागत.
बोलनू का बठा हासतस, त्यानं लागस.’
हे वाक्य माझ्या चाळीस संदर्भांत कुठंच नव्हतं.

लोकेश कोळीनं सगळीकडे मधलाच चौकोन भरला होता.
तटस्थ म्हणजे काय रे?
तो नदीकडे बोट दाखवून म्हणाला,
‘तटवर उभा ऱ्हास तो.
पानीमा उतरत नही.’
शब्दकोशाला मी इतकी जवळून
कधी पाहिली नव्हती.

सायसिंग पावराचं पान शेवटी आलं.
मातृभाषा, एकावर खूण करा :
मराठी, अहिराणी, हिंदी, इतर.
त्यानं खूण केली नव्हती.
खाली टिंबांच्या रेषेवर, पेन्सिल दाबून,
सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं :
माझी भाषा इतर.

तिचं नाव तेच आहे, असं त्याला वाटत होतं.
छापलेलं होतं ना.

महिनाभर खोडत बसले.
‘भीती’ काढली, ‘वाटते’ काढलं,
पाच चौकोनांचे तीन केले.
सातवं आता असं :
‘उत्तर येत होतं, तरी हात वर केला नाही,
असं मागच्या आठवड्यात किती वेळा झालं?’
मुलं बोटं मोजायला लागली.
काहींना दुसरा हात घ्यावा लागला.

‘तुमनं बी असं जायं का कधी, मॅडम?’
लोकेशनं विचारलं.
मी पारोळ्याची.
कॉलेजात पहिल्याच दिवशी ‘माले’चं ‘मला’ केलं,
आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे.
हे कुठल्या चौकोनात बसतं?
मी त्याला म्हटलं, तू तुझं लिही.
म्हणजे मीही तटावरच.

अकरावा प्रश्नही बदललाय :
‘घरी तुला कोणत्या भाषेत रागावतात?’
पुढे नुसती मोकळी ओळ.

सायसिंग बराच वेळ आभाळाकडे बघत हसत होता,
बहुतेक रागावणं आठवून.
मग लिहिलं : पावरि.
वेलांटी ऱ्हस्व.

लाल पेन माझ्या हातात होतं.
टोपण लावलं.